रिकाम्या जागांसकट वंशावळ



आज आपण कुठल्या किल्ल्यावर जाणार नाही आहोत. आज बोलायचं आहे ते घरच्या इतिहासाबद्दल. तुमच्या-माझ्या घराण्याची वंशावळ, आणि ती लिहिताना आपण हमखास अडकतो ती एक जागा. मी स्वतः या जागेवर अकरा वर्षं अडकून पडले होते. त्यामुळे आधी माझीच चूक सांगते आणि मग इतिहासाकडे वळते.

आमचं घर मूळचं वाईकडचं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले, आणि लग्नानंतर मी इथे गुरुग्रामला. २०११ साली मी आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात, की आमचा एक पूर्वज पानिपतावर गेला आणि परत आला नाही. मला वाटलं, आपण तर मोक्याच्या जागी आहोत. दिल्ली ओलांडली की पानिपत. जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार. सुट्टीत पुण्याला गेलं की पेशवे दफ्तर. एवढा एक दुवा पक्का सापडला की मग सगळं नीट, एकदम, चूक न करता लिहायचं. तोवर कुणाला काही दाखवायचं नाही.

माझी आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. दर फोनला म्हणायची, "अगं, बायकांची नावं माझ्याकडून लिहून घे. ती कुणाच्या कागदात नाहीत." आणि मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "आत्या, आधी कागद जुळू देत. मग सगळं एकदमच लिहिते."

२०२२ मध्ये मी फाइल घेऊन तिच्याकडे गेले. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

त्या दिवशी मी फाइल उघडलीच नाही.

एका तारखेला लागलेली तीनशे वर्षं

परत आल्यावर मी स्वतःला विचारलं, मी नेमकी कशाची वाट बघत होते? माझ्या मनात असं होतं की खरं उत्तर कुठेतरी एका कागदावर तयार आहे आणि तो कागद सापडायचा तेवढा बाकी आहे. आता या समजुतीला आपल्या इतिहासातलं सगळ्यात ठळक उदाहरण लावून बघू. शिवाजी महाराजांची जन्मतारीख.

महाराजांच्या जन्माच्या दोन तिथी चर्चेत होत्या. एक वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा एप्रिल. दुसरी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. १९०० साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त या प्रश्नाची चर्चा केली. पुढे १९१६ मध्ये त्यांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तीत शके १५५१ ची नोंद निघाली. नंतर प्रकाशात आलेल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी मिळाली. जोधपूरकडे सापडलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातूनही तिला आधार मिळाला. तरी वाद संपला नाही. १९६६ मध्ये राज्य सरकारने जाणकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. शेवटी २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

बघा, ज्या माणसावर सबंध महाराष्ट्राचं लक्ष, त्याची जन्मतारीख ठरायला एवढा काळ गेला. त्या काळात महाराजांची चरित्रं लिहायची कुणी थांबलं का? शिवजयंती थांबली का? आणि आपण मात्र पणजोबांची जन्मतारीख मिळाली नाही म्हणून त्यांचं पान कोरं ठेवतो.

याच गोष्टीत मला त्याहून मोलाचं काही दिसलं. ही जेधे शकावली आहे काय? भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणं. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटना, ओळी-दोन ओळींत. सजवलेला ग्रंथ नव्हे, आपल्या घरासाठी ठेवलेली नोंद. तिच्यातली प्रत्येक नोंद इतर साधनांशी जुळते असंही नाही, अभ्यासक ती तपासूनच वापरतात. पण ती होती म्हणून तपासता आली. "सगळं पक्कं कळल्यावर लिहू" असं त्या घराने ठरवलं असतं, तर टिळकांच्या हाती काय पडलं असतं?

कागदही माणसंच लिहितात

माझी दुसरी समजूत अशी, की तोंडी आठवण कच्ची आणि कागद पक्का. कागदांत बसल्यावर ही समजूत हळूहळू उतरली.

क्षेत्रोपाध्यांच्या बह्या घ्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार, आमच्या हरियाणातलं कुरुक्षेत्र आणि पेहोवा, अशा ठिकाणी यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या आहेत. अतिशय मोलाचं साधन आहे हे. पण बहीत लिहिणारा उपाध्या असला तरी सांगणारा आपलाच खापरपणजोबा असतो. घरी कुणी गेलेलं, मन थाऱ्यावर नाही, अशा वेळी त्याने जे सांगितलं ते लिहिलं गेलं. म्हणजे ज्याला आपण पक्का कागद म्हणतो तीही एकेकाळची तोंडी आठवणच आहे. फक्त ती कुणीतरी वेळेवर लिहून घेतली.

दुसरं उदाहरण इनामांच्या कागदांचं. १८५२ नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले. घराण्यांनी कैफियती दिल्या, वंशावळी जोडल्या. त्याआधी वतनाच्या तंट्यांतही करीने आणि महजर होतेच. आज हे कागद हाताशी आहेत म्हणून आपल्याला आनंद होतो. पण त्या वंशावळी कशासाठी लिहिल्या होत्या? जमीन टिकवण्यासाठी. मग ज्या शाखेशी भांडण आहे ती गाळायचा मोह, दत्तकाची गोष्ट थोडक्यात उरकायचा मोह, हे सगळं त्यात आलंच. तो कागद खोटा ठरत नाही, पण तो कशासाठी लिहिला हे न विचारता वाचला तर आपण फसतो.

तारखांचंही असंच. जुन्या घरगुती पत्रांत बऱ्याचदा महिना आणि तिथी असते, साल नसतं. शकाचं इसवी सन करताना आपण सरसकट ७८ मिळवतो. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या भागात, म्हणजे साधारण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये येतो तो याच हिशेबाने. दोन नातेवाइकांच्या वहीत एका वर्षाचा फरक दिसला, तर दरवेळी कुणाची तरी चूकच असते असं नाही.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. मी राहते ते शहर १८०३ पर्यंत शिंद्यांच्या सत्तेखालच्या मुलखात होतं, सुर्जी अंजनगावच्या तहाने तो मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे हा जिल्हा पंजाबात होता. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा झाला. २०१६ मध्ये गुडगावचं गुरुग्राम झालं. इथेच जन्मलेल्या एखाद्या माणसाच्या दाखल्यावर 'गुडगाव, पंजाब' असेल, त्याच्या मुलाच्या दाखल्यावर 'गुडगाव, हरियाणा' आणि नातवाच्या दाखल्यावर 'गुरुग्राम'. घर एकच, तिन्ही दाखले बरोबर. मी सुरुवातीला असे फरक दिसले की लाल शाईने खुणा करत बसायचे. त्यात किती रविवार गेले ते आता मोजत नाही.

पानिपतचं कोडं पेशव्यांनाही सुटलं नाही

आता माझा तो पानिपतचा पूर्वज. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसानंतर किती घरांत माणसं परतली नाहीत आणि त्यांचं काय झालं हे कळलंही नाही. खुद्द पेशव्यांच्या घरात काय झालं ते आठवा. सदाशिवरावभाऊ रणात पडले अशी बातमी आली, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ती मानली नाही. त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. मग भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या. बावीस वर्षं त्या बाईने एका अनिश्चित उत्तरासोबत काढली. हाताशी राज्य होतं, हेर होते, वकील होते, तरी त्यांच्या मनाचं समाधान होईल असं उत्तर त्यांना मिळालं नाही.

आणि मी २०११ साली गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये बसून एका साध्या शिलेदाराचं, की बारगिराचं, की नुसत्याच बाजारबुणग्याचं नाव पक्कं करायला निघाले होते! शोधू नये असं मी म्हणत नाही. पण ते सापडेपर्यंत बाकी सगळं थांबवायचं, यात माझ्या अभ्यासाइतकीच माझी हौसही होती. पानिपताशी नातं सिद्ध झालं असतं तर वंशावळीला वजन आलं असतं ना! परिपूर्णतेच्या हट्टात हे बेमालूम मिसळलेलं असतं. एक हट्ट अचूकतेचा, आणि दुसरा घराणं चांगलं दिसण्याचा. दुसऱ्याला आपण पहिल्याचं नाव देतो.

इथे हरियाणातली एक गोष्ट सांगायला हवी. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र भागातल्या रोड समाजातले अनेक जण गेल्या काही दशकांत आपलं नातं पानिपतानंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांशी सांगतात. काही अभ्यासकांनी ते उचलून धरलं, काहींना पुरावा अपुरा वाटतो. दोन्ही बाजू आदराने ऐकाव्यात. आपल्या वहीत मात्र अशी गोष्ट 'असं सांगतात' या सदराखाली लिहावी. न लिहिणंही चूक, आणि सिद्ध झाली म्हणून लिहिणंही चूक.

छापल्यावर कागद येतात

"पण चुकीचं छापलं तर?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर आपल्या दोन मोठ्या इतिहासकारांनी करून दाखवलं आहे.

इतिहासाचार्य राजवाडे म्हणजे अस्सल कागदाचा आग्रह. आधी साधनं, मग इतिहास. त्यांच्याइतका कडक माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्यांनीसुद्धा सगळ्या महाराष्ट्राचे कागद गोळा होईपर्यंत वाट पाहिली नाही. १८९८ मध्ये, हाताशी होती ती १७५० ते १७६१ या काळातली पत्रं घेऊन 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पुढे त्याचे बावीस खंड झाले.

गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या राजपुत्रांना शिकवत होते. त्या शिकवण्याच्या गरजेतून 'रियासत' उभी राहिली. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ चा. पुढे १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत संपादित केले. म्हणजे दफ्तराचा खजिना हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. नवीन मिळालं तसं जुनं दुरुस्त करत गेले, आणि मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत १९४६ ते १९४८ मध्ये काढला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९०२ मध्येच त्यांनी परिपूर्णतेचा हट्ट धरला असता तर दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं.

हा अनुभव मला अगदी लहान प्रमाणात आला. २०२३ मध्ये पुतण्याच्या मुंजीच्या आधी मी मन घट्ट केलं आणि होतं तेवढं सोळा पानांत टाइप केलं. झेरॉक्सच्या दुकानातून चाळीस प्रती काढल्या. जिथे माहीत नाही तिथे सरळ रिकामा चौकोन. पहिल्या पानावर लिहिलं, 'यात चुका आहेत. पेन्सिलने दुरुस्त करून प्रत परत द्यावी.'

याआधी मी अकरा वर्षं नातेवाइकांना विचारत होते, "घराण्याबद्दल काही सांगा ना." उत्तर यायचं, "आम्हाला काय माहीत, तूच शोधतेयस." पण छापील चूक दिसल्यावर कुणाला गप्प बसवत नाही! पंगत उठायच्या आत एक काका प्रत हलवत आले, "हे काय लिहिलंस? तो धाकटा नव्हे, मधला." एका मावशींनी आपल्या सासूबाईंचं माहेरचं नाव स्वतःहून चौकोनात लिहिलं. इंदूरच्या चुलत बहिणीने महिन्याभराने एका जुन्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. चाळीसपैकी तेरा प्रती परत आल्या आणि त्या तेरा प्रतींनी मला अकरा वर्षांपेक्षा जास्त दिलं.

ज्यांचा कागद नाही

परत आलेल्या प्रती मांडून बसले तेव्हा लक्षात आलं, की दुरुस्त्यांत सगळ्यात जास्त होती ती बायकांची नावं. आत्या हेच तर सांगत होती.

जुन्या वंशावळी बापाकडून मुलाकडे जातात. मुलगी झाली तर बहुतेक वेळा तिचा उल्लेखच नसतो, सून आली तर नुसती रेघ. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरच्या वहीत एक आणि सासरी दुसरं. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, वतन नाही, तिच्यासाठी कुणी महजर कशाला करेल? तेव्हा 'कागद असेल तरच लिहीन' हा नियम दिसायला शास्त्रशुद्ध असला, तरी त्याचा अर्थ एवढाच होतो की घरातली अर्धी माणसं वंशावळीत कधीच येणार नाहीत. त्यांचा पुरावा फक्त कुणाच्या तरी आठवणीत आहे. आणि कागद दफ्तरात आणखी शंभर वर्षं टिकेल, पण ती आठवण आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून मी कामाचा क्रम उलटा केला. आधी माणसं, मग कागद. तुम्हालाही तेच सांगेन. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडे या महिन्यातच जा. "इतिहास सांगा" म्हणू नका, एक जुना फोटो पुढे ठेवा आणि "ही कोण?" एवढंच विचारा. मोबाइलवर आवाज टिपून घ्या.

लिहिताना प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक शब्द टाका. 'पक्कं', म्हणजे कागद बघितला आहे, आणि तो कुठे आहे ते लिहा. 'ऐकलेलं', म्हणजे कुणाकडून आणि कधी ते लिहा. 'अंदाज', म्हणजे तो का वाटतो ते एका ओळीत लिहा. या तीन शब्दांमुळे अपुरं लिहायला धीर येतो आणि खोटंही लिहिलं जात नाही. हट्ट सोडायचा म्हणजे मनाला येईल ते जोडायचं, असं नव्हे. आवडता अंदाज 'पक्कं'मध्ये सरकवण्याचा मोह होईल. तिथे मात्र राजवाड्यांसारखं कडक राहायचं.

आणि रिकामा चौकोन ठेवायला लाजू नका. कोरी जागा दिसली की भरणारा येतो. नीटनेटकी गोळाबेरीज केलेली वंशावळ बघून कुणी पेन्सिल काढत नाही.

आमची वंशावळ आता तिसऱ्यांदा छापली आहे, सत्तावीस पानं झाली. पानिपतच्या पूर्वजापुढे 'ऐकलेलं' असं लिहिलं आहे. पणजीच्या नावाचा चौकोन अजून रिकामाच आहे. ते नाव आत्याला माहीत होतं, आणि मी विचारलं नव्हतं. एका जुन्या फोनवरच्या बोलण्यात आत्या सहज तिच्याबद्दल बोलून गेली होती, तेवढं मला आठवत होतं, म्हणून चौकोनाच्या खाली लिहिलं आहे: 'नाव माहीत नाही. हळद शिजवायच्या दिवसांत काहिलीपाशी कुणाला फिरकू द्यायची नाही. ऐकलेलं, आत्याकडून.'

नाव नाही, पण पणजी वंशावळीत आली. हे मी २०११ मध्येच केलं असतं तर नावही आलं असतं.

तुमच्या घरात आज कुणाला काय विचारायचं राहिलं आहे, ते जरा आठवून बघा. पुढच्या भागात घरच्या जुन्या ट्रंकेतले मोडी कागद कसे उलगडायचे, कसे ठेवायचे, त्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.